पेस्ट कंट्रोल केलं तरी महिन्याभरात झुरळं परत येतात: कुठे अडतं आणि काय करायचं

तक्रार बहुतेक घरांत सारखीच असते. फवारणी होते, दोन दिवस ओट्याखालून मेलेली झुरळं झाडून निघतात, पंधरा-वीस दिवस शांतता असते. मग एका रात्री पाणी प्यायला उठून दिवा लावावा, तर मिक्सरच्या मागे बारीक पिल्लं पळताना दिसतात. औषधात भेसळ होती, असं लगेच ठरवलं जातं. ते क्वचितच खरं असतं. जात न ओळखता औषध निवडलेलं असतं, किंवा झुरळं जिथे बसतात तिथे ते पोचलेलंच नसतं. आणि सगळ्यांत जास्त वेळा, अंडी फुटायच्या आधीच उपाय थांबवलेला असतो.

आधी झुरळ कोणतं ते बघा

एक मेलेलं झुरळ कागदावर ठेवा आणि पट्टीने मोजा. एवढ्यावर निम्मं काम होतं.

लांबी १.२ ते १.६ सेंमी, रंग फिकट तपकिरी आणि डोक्यामागच्या ढालीवर दोन गडद, समांतर रेघा असतील, तर ते जर्मन झुरळ. स्वयंपाकघरातली पिल्लावळ बहुतेक वेळा याचीच असते. पिल्लं काळपट आणि बिनपंखी असतात, पाठीवर मधोमध फिकट पट्टा असतो, त्यामुळे अनेकांना हा वेगळाच किडा वाटतो. नाव जर्मन असलं तरी २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या जातीचं मूळ सुमारे २१०० वर्षांपूर्वीच्या भारतात किंवा म्यानमारमध्ये असल्याचं दिसलं. म्हणजे आळ जर्मनांवर आणि बिऱ्हाड आपल्याकडचं.

लांबी ३.५ ते ४ सेंमी, रंग तांबूस तपकिरी, ढालीच्या कडेने पिवळसर वलय: हे अमेरिकन झुरळ. हेही मुळात अमेरिकेतलं नाही, आफ्रिकेतलं. याचं घर गटारात, चेंबरमध्ये आणि पाइपच्या डक्टमध्ये असतं. तुमच्या बाथरूममध्ये ते फक्त वाट फुटली म्हणून येतं.

तिसरं कमी दिसतं, पण फसवतं. आकार जर्मन झुरळाएवढाच किंवा थोडा कमी, ढालीवर दोन रेघा नाहीत, उलट अंगावर फिकट आडवे पट्टे. याला पाणी कमी लागतं, म्हणून ते सेट-टॉप बॉक्स, फोटोफ्रेमची मागची बाजू, कपाटाचा वरचा खण अशा कोरड्या, उंच जागी राहतं. स्वयंपाकघरात एकही झुरळ नाही आणि बेडरूमच्या कपाटात सापडतात, असं असेल तर आधी याचाच संशय घ्या. उपाय जर्मन झुरळासारखाच, फक्त जेल ओट्याखाली लावून उपयोग नाही. ते कपाटाच्या वरच्या बिजागऱ्यांत आणि ड्रॉवरच्या खालच्या बाजूला लावावं लागतं.

जात ओळखायची ती अंड्यांसाठी. जर्मन मादी ३० ते ४० अंड्यांची कुपी पोटाच्या टोकाला चिकटवून फिरते आणि पिल्लं बाहेर यायच्या जेमतेम आदल्या दिवशी ती सोडते. कुपी धरून असताना ती खायला फारशी बाहेर पडत नाही, फटीत खोल बसून राहते. म्हणजे तुम्ही औषध लावता त्या आठवड्यात घरातल्या बऱ्याच माद्या जेवायलाच येत नाहीत. तीन-चार आठवड्यांनी अंडी फुटतात आणि एकेका कुपीतून तीसेक पिल्लं निघतात. ‘महिन्याभरात परत आली’ याचा खरा अर्थ बहुतेक वेळा ‘ती गेलीच नव्हती’ असा असतो. अमेरिकन मादी १४ ते १६ अंड्यांची कुपी कोपऱ्यात चिकटवून निघून जाते. ती फुटायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि पिल्लाचं पूर्ण झुरळ व्हायला सहा महिने ते वर्षभर, कधी त्याहूनही जास्त. त्यामुळे या दोन झुरळांचं वेळापत्रक एक असूच शकत नाही.

कुठे बसतात ते शोधा, कुठे दिसतात ते नव्हे

रात्री स्वयंपाकघर बंद करून तासा-दीड तासाने टॉर्च घेऊन जा. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे चिकट सापळे. सहा ते आठ सापळे घ्या. झुरळ मोकळ्या फरशीवरून कमी आणि कडेकडेने जास्त धावतं, म्हणून सापळा भिंतीला टेकवूनच ठेवा: सिंकखाली, फ्रिजच्या मागे, सिलिंडरजवळ, ट्रॉलीच्या सगळ्यांत खालच्या खणामागे, मायक्रोवेव्हखाली, बाथरूमच्या दाराआड. प्रत्येकावर जागा आणि तारीख लिहा. तीन रात्रींनी मोजा. मोठ्या झुरळांपेक्षा पिल्लांचा आकडा महत्त्वाचा, कारण पिल्लं वस्तीपासून लांब जात नाहीत. ज्या सापळ्यात बारीक पिल्लं जास्त, त्याच्या हातभर अंतरात वस्ती आहे असं समजा.

मग त्या परिसरातली प्रत्येक फट उघडून बघा. काळे बारीक ठिपके, सोललेली कातडी, रिकाम्या कुप्या आणि कोंदट, तेलकट वास सापडला की जागा मिळाली. या जागा बहुतेक घरांत ठरलेल्या असतात. फ्रिजच्या कॉम्प्रेसरची ऊबदार पोकळी, दाराच्या रबराच्या घड्या, मिक्सरचं बूड, गॅसच्या शेगडीखालची पत्र्याची कड, ट्रॉलीचे चॅनेल, बिजागऱ्यांचे कप, आरओ फिल्टरची पाठ, सिलिंडरच्या बुडाची कडी, सुटलेल्या सनमायक्याची आतली बाजू, कडाप्प्याची फळी भिंतीत जाते तिथली भेग आणि स्विचबोर्ड. अमेरिकन झुरळासारखं मोठं झुरळसुद्धा सुमारे ३ मिमीच्या फटीतून अंग चपटं करून जातं, त्यामुळे ‘एवढ्याशा भेगेत काय जाणार’ म्हणून कोणतीही जागा सोडू नका.

फवारणी का पुरत नाही

बाजारात मिळणारे स्प्रे आणि बऱ्याच पेस्ट कंट्रोलवाल्यांचे फवारे पायरेथ्रॉइड गटातले असतात. अंगावर थेट पडलं तर झुरळ उलटं होतं, त्याने आपल्याला समाधानही मिळतं. पण या औषधांचा झुरळांना त्रास होतो आणि ती तिथून पळतात: भिंतीत, पाइपच्या भोकात, शेजाऱ्याकडे. कुपीच्या आतल्या अंड्यांवर फवाऱ्याचा फारसा परिणाम होत नाही. तेलकट किंवा ओल्या पृष्ठभागावर त्याचा असर लवकर उतरतो, आणि आपला ओटा फोडणीमुळे तेलकट असतोच. शिवाय जर्मन झुरळांत या गटाला प्रतिकार जगभर आढळला आहे. ओट्याखाली स्प्रे मारून तो पंधरवड्याने पुन्हा मारणं म्हणजे फक्त झुरळांच्या जागा बदलणं.

स्प्रेचा एक उपयोग मात्र आहे. बाथरूममध्ये समोर आलेलं मोठं झुरळ मारायला तो ठीक. तिथेही एक लिटर पाण्यात दोन चमचे भांड्यांचं लिक्विड सोप घालून अंगावर मारलं तर तेच काम होतं. साबणाचं पाणी त्याची श्वासाची छिद्रं बंद करतं.

जेल: लावायचं कसं

जर्मन झुरळावर खरा उपाय जेलचा. यात विष खाद्यात मिसळलेलं असतं. झुरळ खातं, आपल्या फटीत जाऊन मरतं. त्याची विष्ठा आणि मेलेलं शरीर बाकीची खातात, त्यातून विष पुढे जातं. बाहेर न पडणाऱ्या पिल्लांपर्यंतही ते अशानेच पोचतं. आपल्याकडे मुख्यतः फिप्रोनिल ०.०५ टक्के, इमिडाक्लोप्रिड २.१५ टक्के आणि इन्डोक्साकार्ब ०.६ टक्के ही जेल मिळतात. नळीवर नाव कोणतंही असो, घटक वाचून घ्या आणि कोणता लावला ते लिहून ठेवा. ते पुढे उपयोगी पडतं.

स्वच्छता आधी, जेल नंतर. हा क्रम उलटला की पैसे वाया. ट्रॉल्या बाहेर काढा, चॅनेलमधलं खरकटं आणि पीठ काढा, शेगडीखालचं तेल पुसा. आधी स्प्रे किंवा खडू वापरला असेल तर त्या जागा साबणाच्या पाण्याने दोनदा पुसून पूर्ण कोरड्या होऊ द्या, नाहीतर झुरळ जेलकडे फिरकणार नाही. दुसरं खाणं जितकं कमी, तितकं जेल जास्त खाल्लं जातं. म्हणून रात्री खरकटी भांडी सिंकमध्ये ठेवू नका आणि कचऱ्याचा डबा झाकलेला असू द्या. पाण्याचं महत्त्व त्याहून जास्त. जर्मन झुरळ नुसत्या पाण्यावर महिनाभर तग धरतं, पण पाणी आणि अन्न दोन्ही नसेल तर साधारण दोन आठवडेच. झोपताना सिंक कोरडं पुसा, ओलं फडकं ओट्यावर ठेवू नका, गळणाऱ्या नळाचा वॉशर बदला, फ्रिजमागचा पाण्याचा ट्रे रिकामा करा.

ठिपका मुगाच्या दाण्याएवढा हवा. साधारण त्रासाला एका स्वयंपाकघरात ३० ते ५० ठिपके लागतात. मोठे दहा गोळे लावण्यापेक्षा लहान पन्नास ठिपके केव्हाही बरे: मोठा गोळा वरून वाळतो, आणि लांबच्या फटीतली पिल्लं तिथवर येतच नाहीत. प्रत्येक बिजागरीत एक, चॅनेलच्या दोन्ही टोकांना एकेक, ड्रॉवरच्या मागच्या कोपऱ्यात, सिंकच्या भांड्याखाली कडेला, पाइप भिंतीत शिरतो तिथे. फ्रिजला कॉम्प्रेसरवर लावू नका, उष्णतेने जेल वितळून ओघळतं. शेजारच्या पत्र्याच्या चौकटीत लावा. जिथे फडकं फिरतं, ताट-वाटी ठेवली जाते किंवा मुलांचा हात पोचतो, तिथे जेल नको. स्विचबोर्डमध्ये नळीचं टोक घालू नका. बोर्डाच्या कडेला भिंतीवर ठिपका पुरतो.

मिक्सर किंवा मायक्रोवेव्हच्या आतच वस्ती असेल तर प्लग काढा आणि मोठ्या काळ्या पिशवीत उपकरण ठेवा. सोबत दहा-बारा ठिपके लावलेला पुठ्ठा आत सरकवा, तोंड घट्ट बांधा. आठ-दहा दिवसांनी उघडून झटका, बाहेरून पुसा. आत स्प्रे मारायचा नाही: विष तर जातंच, शिवाय सर्किट खराब होतं.

आता वेळापत्रक. पहिल्या लावणीनंतर सातव्या दिवशी बघा. जिथले ठिपके संपलेत तिथे पुन्हा लावा, जिथे तसेच आहेत ते काढून जागा बदला. तिसरी फेरी २१ ते २५ दिवसांनी. ही फेरी सगळ्यांत महत्त्वाची आणि नेमकी हीच लोक चुकवतात, कारण तोवर घर शांत असतं. याच सुमाराला कुप्या फुटतात आणि ताजं जेल तयार नसेल तर पिल्लं सुखाने वाढतात. चौथी फेरी दीड महिन्याने. मधल्या काळात त्या खोलीत स्प्रे नाही, खडू नाही, आणि ठिपक्यांच्या जागी फिनाइलचं फडकंही नाही.

जेल लावूनही अडतं तेव्हा

*ठिपके तसेच आहेत, झुरळं मात्र फिरतात.* आधी स्प्रेचा अंश राहिला का बघा. नसेल तर जेल वाळलंय का ते काडी टोचून बघा. दोन्ही नसेल तर घटक आणि कंपनी, दोन्ही बदला. जर्मन झुरळांत ग्लुकोज टाळणारे वाण आहेत, १९९३ साली अमेरिकेत त्यांची पहिली नोंद झाली. गोड आमिष खाणारी मरत गेली, गोड कडू लागणारी उरली. अशा वस्तीला तेच जेल आणखी जास्त लावून काहीच होत नाही.

*खूप मेली, पण तिसऱ्या आठवड्यात फक्त बारीक पिल्लं दिसतात.* घाबरू नका, हे अपेक्षितच आहे. तिसरी फेरी वेळेवर लावा. मात्र सापळ्यात पिल्लांसोबत पंखवाली मोठीही तितकीच सापडत असतील, तर एखादी वस्ती सुटली आहे. शोध पुन्हा सुरू करा; बहुधा ती फ्रिजमध्ये किंवा फॉल्स सीलिंगमध्ये निघते.

*आपल्याकडे संपली आणि दोन महिन्यांनी परत.* आता भिंतीपलीकडे बघा. सोसायट्यांमध्ये एकावर एक असलेल्या स्वयंपाकघरांचे पाइप एकाच डक्टमधून जातात. सिंकचा पाइप, गॅसची नळी आणि केबल भिंतीतून जातात तिथली भोकं पांढऱ्या सिमेंटने किंवा एमसीलने बुजवा. तरी थांबलं नाही, तर एका ओळीतल्या वरखालच्या सगळ्या फ्लॅटमध्ये एकाच आठवड्यात जेल लावून घ्या. मीटिंगमध्ये ‘आमच्याकडे नाहीत’ म्हणणारं एक घर हमखास असतं. त्या घरी तीन रात्री सापळे ठेवायची विनंती करा, वाद तिथेच मिटतो.

मोठी, तांबूस झुरळं बाथरूममधून येत असतील तर

इथे जेल गौण. वाट बंद करणं हेच काम. नहाणीच्या ट्रॅपमध्ये पाणी असेल तर गटारातलं झुरळ सहसा वर येत नाही. कमी वापराचं बाथरूम, बाल्कनी किंवा वॉशिंग मशीनजवळची नहाणी कोरडी पडली की दार सताड उघडं. आठवड्याला एक तांब्या पाणी ओता. गावी जाणार असाल तर वर चमचाभर खाद्यतेल घाला, म्हणजे पाणी लवकर उडून जात नाही. जाळी मोठ्या भोकांची असेल तर झुरळ अडवणारी स्टीलची बंद होणारी जाळी बसवा. वॉशिंग मशीनचा पाइप मोठ्या पाइपमध्ये नुसता खुपसलेला असतो, त्याभोवती रबराची कॉलर लावा. बेसिनचा पाइप भिंतीत जातो तिथेही तीच. उकळतं पाणी ओतून गटार ‘साफ’ करू नका. पीव्हीसीचे पाइप मऊ पडतात, सांधे सुटतात आणि मग खालच्या घराचं छत गळतं.

पावसाळ्यात चेंबर भरले की ही झुरळं वर चढतात. पहिल्या मोठ्या पावसानंतर आठवडाभर ती जास्त दिसली तर त्याचा तुमच्या स्वच्छतेशी संबंध नाही. चेंबरची फुटलेली झाकणं बदलणं आणि पावसाआधी, मे महिन्यात, चेंबरमध्ये औषध करून घेणं सोसायटीचं काम आहे. एकट्या फ्लॅटने ते होत नाही.

बोरिक पावडर

स्वस्त, जुनी आणि खरोखर चालणारी वस्तू. पण ती दोन प्रकारे वाया जाते. ढीग घातला तर झुरळ त्याला वळसा घालून जातं. फटीत फुंकणीने जेमतेम दिसेल इतका पातळ थर हवा. आणि ओल लागली की गोळा होतो, म्हणून सिंकखाली किंवा कोकणातल्या पावसात ती लवकर निकामी ठरते. गोळ्या करायच्या तर एक भाग बोरिक, दोन भाग कणीक, एक भाग पिठीसाखर, दुधात घट्ट मळून हरभऱ्याएवढ्या गोळ्या. दर तीन आठवड्यांनी नव्या. औषधाच्या दुकानातली बोरिक पावडर घ्या. कॅरमची सगळीच पावडर बोरिक नसते. रांगतं मूल किंवा कुत्रं-मांजर घरात असेल तर गोळ्या अजिबात नकोत. गोड असल्याने ती आधी त्यांच्याच तोंडात जातील.

ज्यावर पैसे घालवू नयेत, आणि जे घरात आणूच नये

तमालपत्र, काकडीच्या साली, कापूर, भिंतीत लावायची ‘अल्ट्रासोनिक’ यंत्रं: यांनी वस्ती हलत नाही. डांबर गोळ्यांच्या वासाने नहाणीतलं झुरळ काही दिवस टळतं, पण तान्हं बाळ असलेल्या घरात त्या टाळलेल्या बऱ्या. औषधी खडू मुलांना लिहायचा खडू वाटतो आणि जेलचं कामही बिघडवतो. स्प्रे मारताना शेगडी पेटलेली नको, फवारा पेट घेतो.

धान्यात ठेवायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या झुरळांसाठी घरात कधीही ठेवू नका. त्यातून निघणाऱ्या वायूने बंद खोलीत झोपलेली माणसं दगावली आहेत. डायक्लोरव्हॉस, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडी असलेलं ‘नुवान’, याच्या वापरावर भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. कोणी ‘जुनं, जालीम औषध आहे’ म्हणून बिनलेबलाची बाटली काढली तर परत पाठवा.

पेस्ट कंट्रोल बाहेरून करून घेताना ‘हर्बल आहे का’ या प्रश्नाला अर्थ नाही. विचारायचं ते असं: घटक कोणता, डब्यावर नोंदणी क्रमांक आणि मुदतीची तारीख आहे का, आणि तीन आठवड्यांनी दुसरी फेरी दरात धरलेली आहे का. दुसरी फेरी नाही म्हणाले तर पहिलीचेही पैसे देऊ नका. लेबलावरच्या चौकोनातला खालचा त्रिकोण लाल असेल तर औषध अतिविषारी. पुढे पिवळा, निळा आणि हिरवा असा विषारीपणा उतरत जातो.

मेलेली झुरळं आणि विष्ठा कोरड्या झाडूने उडवू नका, ओल्या कागदाने पुसून पिशवीत बांधा. त्या धुळीने दमा चाळवतो, विशेषतः मुलांचा.

दोन महिने सापळे रिकामे राहिले की जेल थांबवा, पण फ्रिजमागे आणि सिंकखाली एकेक सापळा कायम ठेवा. नवीन वस्ती बहुतेक वेळा दारातूनच येते: किराण्याचे खोके, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, जुना घेतलेला मिक्सर, दुरुस्तीहून आलेला मायक्रोवेव्ह, बदलून आलेला सिलिंडर. खोकी दारातच रिकामी करून बाहेर टाका, सिलिंडरची बुडाची कडी पुसूनच आत घ्या, आणि जुनं उपकरण सापळ्यासोबत तीन रात्री बाल्कनीत राहू द्या.